ध्वनिक्षेपकांचे मनोरे : संगीतासाठीं कीं चित्रपटासाठीं ?

सुशिक्षित कुटुंबाच्या दिवाणखान्यांत पूर्वीं रेडिओला जें मानाचें स्थान असे, तें आज भिंतीवरच्या रुंद पडद्यानें घेतलें आहे. त्या पडद्याच्या डाव्या-उजव्या अंगास, देवळापुढील दीपमाळांसारख्या, दोन उंच व अरुंद पेट्या उभ्या केलेल्या पुष्कळ घरांतून दिसतात. दुकानदार त्यांस टॉवर स्पीकर म्हणतात. उंची साधारण एक मीटर, रुंदी वीतभर, आणि दर्शनी फळीवर एकाखालीं एक बसविलेलीं तीन-चार वर्तुळें, असें त्यांचें रूप असतें. सकाळीं ह्याच पेट्यांतून ख्याल ऐकावयाचा आणि रात्रीं ह्यांतूनच चित्रपटांतील वादळ, तोफा व संवाद ऐकावयाचे, अशी घरच्या मंडळींची अपेक्षा असते. अपेक्षा रास्त आहे. परंतु हीं दोन कामें एकाच साधनाकडून मागतांना कोणत्या गोष्टीच्या बदल्यांत कोणती गोष्ट सोडावी लागते, ह्याची कल्पना थोड्यांनाच असते. ध्वनिक्षेपकाची रचना ही आरंभापासून अखेरपर्यंत एक देवघेव आहे. तिचे नियम निसर्गानें घालून दिलेले आहेत. कारखानदाराची हुशारी काय ती सौदा कोठें पटवावयाचा एवढ्यापुरतीच.

आजच्या ध्वनिक्षेपकाचें रूप १९२५ सालीं निश्चित झालें. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग ह्या दोघां संशोधकांनीं त्या वर्षीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत कर्ण्यावांचून चालणाऱ्या ध्वनिक्षेपकाचें वर्णन होतें. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें एक हलकें वेटोळें, त्या वेटोळ्यास जोडलेला कागदी शंकु, आणि वेटोळ्यांतून वाहणारा विजेचा बदलता प्रवाह, एवढाच त्याचा संसार. प्रवाहाच्या चढउताराबरोबर वेटोळें पुढेंमागें सरकतें, शंकु हवेस ढकलतो व ओढतो, आणि हवेंत लहरी उठतात. पुढें कागदाच्या जोडीस अॅल्युमिनियम, प्लॅस्टिक व कांचेचे तंतु आले. चुंबक अधिक जोरकस झाले. पण मूळ तत्त्व जसेंच्या तसें राहिलें.

ह्या साध्या यंत्राची एक जन्मजात अडचण आहे. शंकु पुढें सरकला म्हणजे त्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं मागची हवा विरळ होते. शंकु उघडा ठेवला तर खालच्या स्वरांच्या लांबच लांब लहरी त्याच्या कडेला वळसा घालून एकमेकींस भेटतात, आणि दाब व विरळपणा ह्यांची वजाबाकी होऊन खर्ज नाहींसा होतो. म्हणून मागची लहर कोंडण्यासाठीं पेटी लागते. पेटी ही ध्वनिक्षेपकाची शोभा नव्हे; ती त्याचा अर्धा देह आहे. उंच मनोऱ्याची सारी कथा ह्या पेटीपासून सुरू होते.

खालच्या स्वरांना किती किंमत पडते, हें आधीं पाहिलें पाहिजे. हवेंत ध्वनि दर सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. मनुष्याच्या कानास ऐकूं येणारा अगदीं वरचा स्वर सेकंदास २०,००० कंपनांचा असतो. त्याची एक लहर पावणेदोन सेंटिमीटरांहूनहि आखूड भरते. अगदीं खालचा स्वर २० कंपनांचा. त्याची लहर १७ मीटर लांब. सेकंदास होणाऱ्या ह्या कंपनांनाच हर्ट्झ म्हणतात. एकाच शंकूला ह्या दोन टोकांना न्याय देतां येत नाहीं, म्हणून कामाची वाटणी होते : वरच्या स्वरांसाठीं बोटाच्या दोन पेरांएवढा ट्वीटर, मधल्यांसाठीं मिडरेंज, आणि खर्जासाठीं वूफर.

वूफरच्या वाट्यास येणारें काम सर्वांत कष्टाचें. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खालीं उतरावयाचें असेल, तर शंकूची हालचाल दुप्पट नव्हे, चौपट करावी लागते. ८० हर्ट्झच्या स्वरास शंकु एक मिलिमीटर हलत असेल, तर ४० हर्ट्झला तो चार मिलिमीटर आणि २० हर्ट्झला सोळा मिलिमीटर हलला पाहिजे. इतकी मोठी झेप थोड्याच शंकूंना झेपते. वेटोळें चुंबकाच्या फटीबाहेर जाऊं लागतें आणि आवाज फाटतो. दुसरा मार्ग म्हणजे शंकूचें क्षेत्रफळ वाढविणें. दहा इंची वूफरचें हवा ढकलणारें क्षेत्र साधारण सव्वातीनशें चौरस सेंटिमीटर असतें. साडेसहा इंची वूफरचें सुमारें एकशें तीस. म्हणजे एका मोठ्या वूफरचें काम करावयास दोन-तीन लहान वूफर हवेत. मोठ्या वूफरला फळी रुंद लागते, आणि रुंद पेटी आजच्या दिवाणखान्यांत डोळ्यांना खुपते. लहान वूफर एकाखालीं एक बसविले तर फळी अरुंद राहते व पेटी उंच होते. टॉवरचा जन्म असा झाला आहे. त्यांत सोय आहे, तसा एक ध्वनिशास्त्रीय लाभहि आहे : लहान शंकु मधले स्वर चोहोंकडे अधिक समतेनें पसरवितो, तर मोठा शंकु तेच स्वर झोतासारखे समोर फेंकूं लागतो.

आतां पेटीकडे वळावें. कोंडलेली हवा स्प्रिंगेसारखी वागते. पेटी जितकी लहान, तितकी ही स्प्रिंग ताठर. आणि ताठर स्प्रिंगेवर बसलेला शंकु खालच्या स्वरांना सहज डोलत नाहीं. ही अडचणच कामाला लावण्याची युक्ति १९५४ सालीं एडगर विल्चर ह्यांनीं अमलांत आणली. त्यांनीं शंकूची स्वतःची बांधणी अगदीं सैल ठेवली आणि त्यास परत जागेवर आणण्याचें काम बंद पेटींतील हवेकडे सोंपविलें. त्यांच्या अकूस्टिक रिसर्च ह्या संस्थेच्या ‘ए. आर. १’ ह्या ध्वनिक्षेपकानें पुस्तकांच्या मांडणीवर मावणाऱ्या पेटींतून खोल खर्ज काढून दाखविला. परंतु हा खर्ज फुकट मिळाला नव्हता. त्यासाठीं अॅम्प्लिफायरला अधिक शक्ति खर्चावी लागे.

ह्या व्यवहाराला नियमाचें रूप दिलें तें जे. अँटन हॉफमन ह्यांनीं. हे प्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन ह्यांचे चिरंजीव, आणि के. एल. एच. ह्या कंपनीच्या नांवांतील शेवटचें अक्षर त्यांचेंच. लहान पेटी, खोल खर्ज, आणि थोड्या विजेंत मोठा आवाज, ह्या तीन वरांपैकीं कोणतेहि दोन मागावेत. तिसरा मिळणार नाहीं, असा हा ‘हॉफमनचा पोलादी नियम’ आहे. तो आंकड्यांतहि मांडतां येतो. ध्वनिक्षेपकाची कार्यक्षमता पेटीच्या घनफळाच्या प्रमाणांत वाढते, आणि खर्जाची हद्द जसजशी खालीं न्यावी तसतशी त्या कंपनसंख्येच्या घनाच्या प्रमाणांत घटते. म्हणून खर्जाची हद्द ४० हर्ट्झवरून २० हर्ट्झवर न्यावयाची तर पेटी तरी आठपट मोठी करावी लागते, नाहीं तर वीज तरी आठपट पुरवावी लागते.

मनोऱ्याच्या पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा येथेंच सांपडतो. मांडणीवरच्या लहान पेटींत दहा-बारा लिटर हवा मावते. ती पेटी कानाच्या उंचीवर यावी म्हणून तिला घोडी लागते, आणि ती घोडी जमीन अडवितेच. तेवढ्याच जमिनीवर पेटी थेट खालपर्यंत उतरविली, तर तिच्या पोटांत चाळीसएक लिटर हवा मावते. घनफळ चौपट झालें म्हणजे, बाकीचें सारें सारखें असतां, ६० हर्ट्झपाशीं संपणारा खर्ज सुमारें ३८ हर्ट्झपर्यंत नेतां येतो. किंवा खर्ज आहे तेथेंच ठेवून चौथाई विजेंत तेवढाच आवाज काढतां येतो. दोन्ही लाभ पुरेपूर पदरांत पाडून घेतां येत नाहींत. बहुतेक कारखानदार दोहोंचा थोडा थोडा वांटा घेतात.

पेटी पूर्ण बंद ठेवावी कीं तिला भोंक ठेवावें, हा पुढचा प्रश्न. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली कीं ठराविक स्वर घुमतो, हें प्रत्येकानें लहानपणीं अनुभवलेलें आहे. बाटलीच्या गळ्यांतील हवा आणि पोटांतील हवा मिळून एक झोपाळा बनतो आणि तो आपल्याच गतीनें डोलतो. बेल प्रयोगशाळेंतील अल्बर्ट थुरास ह्यांनीं हेंच तत्त्व पेटीस लावलें. १९३० सालीं त्यांनीं एकस्वासाठीं अर्ज केला व १९३२ सालीं तें मंजूर झालें. शंकूमागची लहर वाया न घालवितां ती एका नळीच्या वाटे, योग्य स्वरापाशीं, पुढच्या लहरीच्या मदतीस आणावयाची, ही ती योजना. तिला बास रिफ्लेक्स म्हणतात. प्रारंभीं नळीचें माप बरेंचसें अंदाजानेंच ठरे. ऑस्ट्रेलियांतील नेव्हिल थील ह्यांनीं १९६१ सालीं आणि त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल ह्यांनीं १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत त्याचें गणित पूर्णपणें बसविलें. आज जवळजवळ सर्व टॉवर त्याच गणितावर बेतले जातात.

भोंकाचा फायदा असा कीं ज्या स्वरावर नळी लाविली असेल, त्या स्वराच्या आसपास शंकु फार थोडा हलतो आणि काम नळीतली हवा करते. परंतु त्या स्वराच्या खालीं चित्र पालटतें. बंद पेटीचा आवाज दर सप्तकास १२ डेसिबेल ह्या बेतानें हळूहळू उतरतो; भोंकाच्या पेटीचा त्याच्या दुप्पट, म्हणजे २४ डेसिबेल ह्या वेगानें कोसळतो. शिवाय तेथें पेटींतील हवेची स्प्रिंग नाहींशी झाल्यासारखी होते. शंकु निराधार होऊन मोठ्या हेलकाव्यांत सांपडतो आणि त्यांतून ऐकण्याजोगा आवाज मात्र निघत नाहीं. संगीतांत हा प्रसंग क्वचित् येतो. काळी एक पट्टींत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारें ६९ हर्ट्झची असते. पाश्चात्य डबल बेसची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची. पियानोचा शेवटचा स्वर मात्र २७·५ हर्ट्झपर्यंत जातो, आणि मोठ्या चर्चमधील ऑर्गनची बत्तीस फुटी नळी १६ हर्ट्झपर्यंत. म्हणजे ४० हर्ट्झपर्यंत स्वच्छ बोलणारी पेटी हिंदुस्थानी बैठकीस पुरून उरते. चित्रपटाचें तसें नाहीं. भूकंप, स्फोट व विमानें ह्यांचे आवाज ध्वनिमुद्रकांच्या मर्जीप्रमाणें २०-३० हर्ट्झपर्यंत नेलेले असतात. आणि तो टापू बहुतेक टॉवरांच्या नळीच्या स्वराखालचा, म्हणजे नेमका धोक्याचा असतो.

उंचीपासून लाभ होतो, तसे कांहीं उपद्रवहि होतात. मीटरभर उंच पेटीच्या आंत वरच्या व खालच्या फळीमध्यें हवेची एक लहर अडकून १७० हर्ट्झच्या सुमारास घुमूं लागते. हा स्वर पुरुषाच्या बोलण्याच्या मूळ स्वराजवळचा. म्हणून निवेदकाचा आवाज पिंपांतून आल्यासारखा भासतो. ह्यावर उपाय असे : वूफर अशा जागीं बसवावा कीं ही लहर त्याच्याकडून चेतविली जाऊं नये, पेटीच्या पोटांत आडवा पडदा घालावा, किंवा लोंकरीसारखा भरणा करावा. दुसरा उपद्रव फळ्यांचा. लहान पेटीच्या फळ्या आंखूड असल्यानें कडक असतात. टॉवरची बाजूची फळी लांब असल्यानें ढोलाच्या कातड्याप्रमाणें थरथरते. बहुतेक कारखानदार जाड लाकडी भुशाचें दाबीव तावदान व आंतून आडवे दांडे वापरतात. उलट बी. बी. सी.च्या संशोधन विभागानें पातळ फळ्यांना आंतून जड अस्तर लावून त्यांची थरथर खालच्या, कमी जाणवणाऱ्या स्वरांकडे ढकलण्याचा मार्ग पत्करला होता. दोन्ही मार्गांनीं चांगल्या पेट्या झालेल्या आहेत. परंतु दोन्हींत वजन, मजुरी व पैसा लागतो. स्वस्त टॉवरमध्यें वांचवाचें पहिलें ठिकाण ह्या न दिसणाऱ्या दांड्यांचें असतें. त्यामुळें सारख्याच पैशांत मिळणारी लहान पेटी पुष्कळदां मोठीहून प्रामाणिक बोलते.

अरुंद फळीचीहि किंमत मोजावी लागते. वीस सेंटिमीटर रुंदीच्या फळीवरून वरचे स्वर समोर परावर्तित होतात, पण पांच-सहाशें हर्ट्झच्या खालचे स्वर फळीला वळसा घालून मागें निघून जातात. समोरच्या श्रोत्याला ते उणे भासतात. मोकळ्या हवेंत ही तूट ६ डेसिबेलपर्यंत जाते. ती भरून काढण्यासाठीं टॉवरमध्यें बहुधा ‘अडीच मार्गी’ रचना करतात : दोन वूफरांपैकीं एक ट्वीटरच्या सांध्यापर्यंत गातो, आणि दुसरा केवळ खालच्या स्वरांपुरती साथ करून थांबतो. साथीदारानें कोठें थांबावें हें कळणें, हा संगीताचा जुना धडा येथेंहि लागू पडतो.

दोन शंकूंमध्यें कामाची वाटणी करणाऱ्या मंडलास क्रॉसओव्हर म्हणतात. वूफर व ट्वीटर ह्यांचा सांधा अडीच हजार हर्ट्झला असेल, तर तेथील लहर जेमतेम १४ सेंटिमीटरांची. दोन शंकूंच्या मध्यांतील अंतर तेवढेंच असतें. बसलेल्या माणसाच्या कानाशीं दोघांच्या लहरी एकाच पावलानें येतील असा मेळ घातलेला असतो. तो माणूस उभा राहिला कीं एक लहर थोडी मागें पडते आणि आवाजाचा पोत बदलतो. म्हणून उंच पेटी ऐकतांना आसनाची उंची आणि अंतर ह्यांना महत्त्व येतें. पुष्कळ शंकु एकाखालीं एक असले कीं त्यांचा आवाज एकजीव होण्यास दोन-अडीच मीटरांचें अंतर लागतें. अगदीं जवळ बसणाऱ्यास ट्वीटर वर व वूफर खालीं असे वेगवेगळे ऐकूं येतात.

चित्रपटाच्या संदर्भांत हाच दोष अधिक गंभीर रूप घेतो. १९८३ सालीं जोसेफ डॅपोलिटो ह्यांनीं मध्यें ट्वीटर आणि त्याच्या वर-खालीं एकेक वूफर अशी रचना मांडली. उभ्या पेटींत ती उत्तम आहे. आवाज डावीकडे-उजवीकडे नीट पसरतो आणि छतावर व जमिनीवर कमी आपटतो. परंतु संवादासाठीं पडद्याखालीं जी मधली पेटी ठेवतात, तिच्यांत हीच रचना जागेच्या सोयीसाठीं आडवी निजविलेली असते. दोन वूफर एकमेकांपासून ३० सेंटिमीटरांवर आहेत आणि श्रोता अडीच मीटरांवर बसला आहे, असें धरावें. मध्यावर बसलेल्यास कांहीं बिघाड जाणवत नाहीं. मध्यापासून ६० सेंटिमीटर बाजूला बसलेल्या माणसापर्यंत मात्र एका वूफरची वाट दुसऱ्याहून ७ सेंटिमीटर लांब होते. आणि अडीच हजार हर्ट्झच्या आसपास, जेथें व्यंजनांचा स्पष्टपणा राहतो तेथेंच, दोन्ही वूफर एकमेकांस मारक ठरतात. कोपऱ्यांतील आरामखुर्चीवर बसलेल्या आजोबांना नटांचें बोलणें कळत नाहीं आणि घरांतील माणसें त्यांच्या कानांना दोष देतात. दोष पुष्कळदां त्या आडव्या पेटीचा असतो. ट्वीटर मिडरेंजच्या बरोबर डोक्यावर बसविलेली मधली पेटी घेतली, किंवा संवाद दोन टॉवरांकडेच सोंपवून मधली पेटी अजिबात वगळली, तर ही तक्रार बरीच कमी होते. दुसऱ्या उपायांतहि सवलत अपुरीच : तेथें एका बाजूस बसणाऱ्याला संवाद जवळच्या पेटीकडून आल्यासारखे वाटतात.

आतां आवाजाच्या जोराचा हिशेब. ध्वनिक्षेपकाच्या माहितीपत्रकांत ‘एका वॉटला एका मीटरवर ८७ डेसिबेल’ असा एक आंकडा असतो. ह्या आंकड्याचा अर्थ असा कीं दिलेल्या विजेपैकीं शेंकडा एक भागसुद्धां ध्वनि होत नाहीं. बाकीची सारी वेटोळें तापविण्यांत जाते. आवाज १० डेसिबेल वाढवावयाचा तर वीज दसपट लागते. चित्रपटगृहाच्या प्रमाणाप्रमाणें मुख्य ध्वनिक्षेपकांचा क्षणिक उच्चांक श्रोत्याच्या आसनापाशीं १०५ डेसिबेलचा धरतात. तीन मीटरांवर बसणाऱ्यासाठीं, मोकळ्या हवेचा हिशेब केला तर, ८७ डेसिबेलच्या पेटीस ह्यासाठीं पांचशेंहून अधिक वॉट पाहिजेत. ९३ डेसिबेलच्या पेटीस सुमारें एकशें चाळीस पुरतात. बंद खोलींत भिंतींच्या मदतीनें ही गरज कांहीशी घटते. घरीं इतक्या मोठ्यानें बहुतेक कोणी ऐकत नाहीं. दहा डेसिबेल खालीं ऐकलें तर वरील दोन्ही आंकडे दहाव्या हिश्शावर येतात. संगीताची बैठक ह्याहूनहि पुष्कळ मृदु असते. म्हणून केवळ संगीत ऐकणाऱ्यास कमी कार्यक्षम पण सपाट व गोड बोलणारी पेटी परवडते. चित्रपटाच्या हौशी माणसास जोरासाठीं राखीव सामर्थ्य लागतें.

पुष्कळ वूफर असलेला टॉवर हें सामर्थ्य देतो, पण विजेच्या बाजूनें वसुलीहि करतो. आठ ओमचे दोन वूफर समांतर जोडले कीं चार ओम उरतात आणि अॅम्प्लिफायरकडून दुप्पट प्रवाह मागितला जातो. केवळ दोन पेट्या चालविणाऱ्या भक्कम अॅम्प्लिफायरला तें जड जात नाहीं. परंतु चित्रपटासाठीं घेतलेल्या एकाच यंत्रांतून पांच-सात पेट्यांना वीज पुरवावयाची असते आणि वीजपुरवठ्याचा भाग सर्वांत मिळून एकच असतो. कागदावर मोठा दिसणारा वॉटांचा आंकडा अशा वेळीं उतरतो.

येथून मूळ प्रश्न अगदीं समोर येतो. १९९२ सालीं ‘बॅटमॅन रिटर्न्स’ ह्या चित्रपटाबरोबर डॉल्बी डिजिटल पद्धति चित्रपटगृहांत आली. त्यांत पांच पूर्ण मार्गांच्या जोडीला केवळ खर्जाच्या परिणामांसाठीं एक वेगळा मार्ग असतो. तो १२० हर्ट्झपर्यंतचेच स्वर वाहतो. घरीं हा मार्ग सबवूफर नांवाच्या स्वतंत्र पेटीकडे जातो. शिवाय इतर पेट्यांचा ८० हर्ट्झखालचा खर्जहि तिच्याकडेच वळवावा, अशी टी. एच. एक्स. ह्या प्रमाणकाची शिफारस आहे व बहुतेक यंत्रें तशीच लावलेलीं असतात. म्हणजे ज्या ४० ते ८० हर्ट्झच्या सप्तकासाठीं उंच पेटीचे पैसे मोजले, तें सप्तक चित्रपटाच्या वेळीं तिच्याकडून काढून घेतलें जातें. मग मनोऱ्याचा उपयोग काय उरतो ? उरतो तो असा : खालचें ओझें उतरल्यानें त्याचे वूफर ८० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यांत, जेथें पुरुषांचा आवाज, डग्ग्याचा घुमार आणि तोफेचा पहिला धक्का असतो, तेथें श्रम न जाणवतां काम करतात. टॉवरचा खरा लाभ खर्जाच्या खोलीपेक्षां ह्या सहजपणांत अधिक आहे, आणि तो जाहिरातींत फारसा सांगितला जात नाहीं.

खोलीचा विचार केल्याशिवाय मात्र कोणताहि निर्णय पक्का होत नाहीं. दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब दिवाणखान्यांत लांबीच्या दिशेनें सुमारें ३८ हर्ट्झची व रुंदीच्या दिशेनें सुमारें ५६ हर्ट्झची स्थिर लहर उभी राहते. ह्या स्वरांना खोलीच्या कांहीं जागा दणाणतात आणि कांहीं जागा मुक्या राहतात. दोन पेट्या कोठें ठेवाव्यात हें डाव्या-उजव्या आवाजाच्या चित्रावरून ठरतें : भिंतींपासून थोड्या दूर, श्रोत्याशीं त्रिकोण साधून. खर्जाचा उगम कोठें असावा हें मात्र खोलीच्या लहरींवरून ठरतें. टॉवर हीं दोन्ही कामें एकाच जागीं बांधून टाकतो. ट्वीटरला योग्य असलेली जागा वूफरला योग्य असेलच असें नाहीं. लहान पेट्या आणि वेगळा सबवूफर घेणाऱ्यास खर्ज दुसरीकडे हलवितां येतो. दोन सबवूफर समोरासमोरच्या भिंतींशीं ठेवले तर खोलींतील चढउतार आणखी सपाट होतात. ह्या स्वातंत्र्याच्या बदल्यांत एक जोडकाम पदरीं येतें : दोन्ही साधनांचा सांधा बेमालूम बसला पाहिजे. तो बसला नाहीं तर तंबोरा एका पेटींत आणि त्याचा खर्ज दुसऱ्या कोपऱ्यांत, असा चमत्कार होतो.

शेजारधर्माचा प्रश्नहि ह्यांतच येतो. भिंत वरचे स्वर बऱ्यापैकीं अडविते. खालचे स्वर तिला फारसे जुमानीत नाहींत. चाळीस हर्ट्झचा घुमार वरच्या व खालच्या मजल्यावर जातो, आणि जमिनीवर उभ्या असलेल्या जड पेटीची थरथर फरशींतूनहि उतरते. आवाज कमी केला कीं दुसरी अडचण उभी राहते. बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर व मन्सन ह्यांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें कीं मंद आवाजांत मनुष्याचा कान खर्जाला मधल्या स्वरांहून पुष्कळ अधिक बधिर होतो. म्हणून रात्रीं हळू आवाजांत मोठा टॉवरहि पातळ वाटतो. त्याची भरपाई यंत्रांतील खर्जाच्या कळीनें करणें शास्त्राला धरून आहे. त्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

अखेरचा न्यायाधीश कान, असें म्हणतात खरें. पण त्याला डोळ्यांचा सल्ला फार लवकर पटतो. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्यें फ्लॉइड टूल ह्यांनीं पेट्या पडद्याआड ठेवून शेंकडों तुलना करविल्या. ज्या पेटीचा समोरचा आवाज सर्व स्वरांत सपाट आणि बाजूंना जाणारा आवाजहि सुरळीत, तीच बहुतेकांस आवडते, असें त्यांना आढळलें. पुढें १९९४ सालीं त्यांनीं व शॉन ऑलिव्ह ह्यांनीं तीच परीक्षा पडद्यासह व पडद्यावांचून घेतली, तेव्हां पेट्या दिसूं लागतांच श्रोत्यांचे गुण बदलले. मोठ्या व देखण्या पेटीला आकारासाठींच कांहीं गुण मिळतात, हें ध्यानांत ठेवणें बरें.

तात्पर्य, खरेदीचा आरंभ पेटीपासून न होतां खोलीपासून व्हावा. ज्या घरीं मुख्यतः संगीत ऐकलें जातें, दोनच पेट्या ठेवावयाच्या आहेत, आणि त्या भिंतीपासून हातभर पुढें घेण्यास जागा आहे, तेथें मध्यम आकाराचा, दोन वूफरांचा, भक्कम बांधणीचा टॉवर एकटाच पुरेसा आहे. ज्या घरीं मुख्यतः चित्रपट पाहिले जातात, तेथें तेच पैसे चांगल्या लहान पेट्या, नीट रचलेली मधली पेटी आणि एक-दोन सबवूफर ह्यांत वाटून घातले तर अधिक फळ देतात. ज्यांस दोन्ही हवें आहे त्यांनीं टॉवर घ्यावा तो त्याच्या सहजपणासाठीं घ्यावा, आणि अगदीं खालच्या सप्तकाचें ओझें दुसऱ्या पेटीवर, दुसऱ्या जागीं टाकावें. लहान खोलींत तीन-चार वूफरांचा उंच मनोरा उभा करणें म्हणजे चौघांच्या स्वयंपाकासाठीं लग्नाचें पातेलें चुलीवर चढविणें होय. दुकानांत जातांना ओळखीच्या गायकाची एक ध्वनिमुद्रिका आणि ओळखीच्या चित्रपटांतील एक शांत संवाद बरोबर न्यावा. प्रथम समोर बसून, मग बाजूच्या खुर्चीवर बसून तो ऐकावा. त्या बाजूच्या खुर्चीवर शब्द स्पष्ट कळले, म्हणजे घरांतील सर्व माणसांचा विचार त्या खरेदींत झाला असें समजावें.